पहिल्या नंबरची नळी

तंजावूरच्या ज्या त्वचेच्या दवाखान्यात मी काम करते, तिथे माझी खोली सगळ्यांत लहान आहे. खिडकी नाही. एक टेबल, एक फ्रीज, हात धुवायचं बेसिन आणि सेंट्रिफ्यूज. बाहेर आरसे, सोफे, मंद दिवे. माझ्याकडे पांढरी ट्यूबलाइट. मला ती बरी वाटते. मंद दिव्यात रक्ताचा रंग कळत नाही.

मी इथल्याच मराठी घरातली. लग्नानंतर बारा वर्षं सोलापुरात काढली, तिथल्या एका रक्तपेढीत. माझं लिहिण्याचं मराठी तिथलं. घरचं मराठी फक्त बोलायचं, आणि त्यात निम्मं तमिळ. परत आले तेव्हा इथल्या डॉक्टर नुकताच दवाखाना थाटत होत्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, तमिळ, हुशार. त्यांना रक्त हाताळायला सरावलेलं माणूस हवं होतं.

काम असं असतं. माणसाच्या हातातून चार चमचे रक्त काढायचं, नळीत भरायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. लाल भाग तळाला बसतो, वर पिवळा प्लाझ्मा राहतो. तो वेगळ्या नळीत घेऊन पुन्हा फिरवायचा, वरचा पातळ भाग काढून टाकायचा आणि तळाचा दाट भाग सिरिंजमध्ये भरून डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवायचा. डॉक्टर चेहऱ्यावर बारीक सुयांनी भोकं पाडून तो तिथे जिरवतात. मुरुमांचे खड्डे भरून येतात, कातडी उजळते. काहींची उजळते, काहींची नाही. नियम एकच आहे, ज्याचं रक्त त्याच्याच चेहऱ्यात. स्वतःचंच असतं म्हणून शरीर तक्रार करत नाही, आणि दुसऱ्याचा रोग आत येत नाही. सगळी सुरक्षितता तेवढ्यात आहे.

सेंट्रिफ्यूजला तोल लागतो. एका खाचेत नळी ठेवली की बरोबर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी हवी, नाहीतर यंत्र टेबलासकट थडथडतं. रक्तपेढीत आम्ही समोर पाण्याची नळी ठेवायचो. इथे गर्दीच्या दिवशी मी दोन पेशंटांच्या नळ्या समोरासमोर बसवत असे. त्यासाठी दोघांचं रक्त एकापाठोपाठ काढत असे. वेळ वाचायचा. ही सोय माझी मीच लावलेली होती, कुठल्या नियमात नव्हती.

त्या शनिवारी तिरुवैयारूहून तिघी आल्या. एक मुलगी, तिची आई, आणि त्या मुलीची चुलत बहीण. मुलीचं लग्न सहा आठवड्यांवर होतं. चुलत बहीण दोन वर्षांनी मोठी, आईबाप नसलेली, काकाच्या घरी राहणारी, तिथल्याच एका शाळेत शिकवणारी. तिच्या गालांवर मुरुमांचे जुने खड्डे होते. नवरीच्या आईने फोनवर सांगितलं होतं, "तिचंही करून टाका. तीही लग्नाचीच आहे." पुढच्या टेबलावर दोघींचे फॉर्म आईनेच भरले. नर्सने दोघींच्या चेहऱ्यांना बधिर करायचं क्रीम थापलं, त्यावर पोळ्या गुंडाळायचा पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवला आणि दोघींना आतल्या खोलीत पाऊण तास बसवून ठेवलं. मी त्यांना पाहिलं ते त्यानंतर.

दार अर्धं उघडून मी पहिल्या नंबरच्या फाइलवरचं नाव पुकारलं.

आत दोन खुर्च्या, दोन पांढरे चेहरे. भुवया नाहीत, ओठांच्या कडा नाहीत, प्लास्टिकखाली फक्त डोळे. दोघींची उंची सारखी, वेण्या सारख्या, दोघींच्या अंगावर दवाखान्याचे हिरवे झगे. मला असे चेहरे रोज दिसतात. तरी त्या दिवशी दारातच पाय जरा अडखळला. दोघी एकाच वेळी श्वास घेत होत्या. प्लास्टिक नाकाशी वर-खाली होत होतं, दोघींचं एकदमच.

एक उठली. दुसरी हलली नाही.

जी उठली तिला मी माझ्या खोलीत आणलं. "नाव सांग," म्हटलं. तिने सांगितलं. बरोबर. "इनिशियल?" तेही बरोबर. मी नंबर एकची चिठ्ठी नळीवर चिकटवली आणि रक्त काढलं. मग दुसरीला आणलं आणि तिच्या नळीवर नंबर दोन लावला.

इथे मला थोडं आमच्या रीतीबद्दल सांगायला हवं. आमच्यात आजीचं नाव नातीला ठेवतात. दोन मुलगे असले तर दोघांच्याही थोरल्या मुलींना तेच नाव. सुनांनी सासूचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं, म्हणून घरात त्या मुलींना त्या नावाने कोणी हाक मारत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, स्वयंपाकघरात दुसरं. आडनाव इथे कोणी लावत नाही, फक्त बापाच्या नावाचं पहिलं अक्षर. या दोघींच्या बापांची नावं एकाच अक्षराने सुरू होत होती. म्हणजे दोन्ही फाइलींवर अक्षरासकट एकच नाव. फरक फक्त जन्मतारखेत.

आणि हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी स्वतः अशीच वाढले. कॉलेजात हजेरीला माझं नाव पुकारलं की 'कोण ही?' म्हणून मी मागे वळून बघायची. त्या खोलीतून नवरी उठली नाही, कारण ते नाव तिचं आहे हे तिला पटकन कळलंच नाही. उठली ती थोरली, चुलत बहीण. शाळेत सगळे तिला त्याच नावाने ओळखत होते.

मी दोन्ही नळ्या समोरासमोर बसवल्या, झाकण लावलं, बटण दाबलं. यंत्र अजिबात हललं नाही. इतका नेमका तोल क्वचित जमतो.

प्लाझ्मा निघाला तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत आली. नंबर दोनचा स्वच्छ होता, उसाच्या निवळलेल्या रसासारखा. नंबर एकचा गढूळ, पाण्यात दूध सांडल्यासारखा. तुपकट खाऊन आलं की असं होतं. इथे निम्मं गाव सकाळी तूप ओतलेलं पोंगल खाऊन येतं, मला त्याचं नवल नाही. मी सिरिंजा भरल्या आणि ट्रे पाठवून दिले.

डॉक्टरांनी नवरीचा चेहरा पुसला, फाइलवरच्या फोटोशी ताडून पाहिला आणि काम सुरू केलं. अर्ध्या तासात झालं. मी रिकामा ट्रे आणायला गेले तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. चेहरा लालबुंद, घामाच्या थेंबांसारखे रक्ताचे ठिपके. मी तिला मराठीत विचारलं, "कॉफी आणू का? काही खाल्लंयस का सकाळी?"

"तुम्ही आमच्यातल्या?" ती हसली. हसताना दुखलं असणार. "नको अक्का. आज शनिवार न? पुरट्टासीचे शनिवार धरते मी. रात्रीपासून नुसतं पाणी."

पुरट्टासी म्हणजे इथला विष्णूचा महिना. त्यातल्या शनिवारी निम्म्या बायका उपाशी असतात.

माझ्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये पहिल्या नंबरची सिरिंज, तळाला उरलेला अर्धा थेंब. दुधट.

रात्रीपासून पाण्यावर असलेल्या माणसाचा प्लाझ्मा असा दिसत नाही. बारा वर्षांत मी असा पाहिला नव्हता. मी ट्रे खाली ठेवला आणि शेजारच्या खोलीत गेले. डॉक्टरांनी थोरलीच्या कपाळावर पहिली सुई टेकवली होती.

"डॉक्टर, सुई ठेवा."

"काय झालं अक्का?"

"पाच मिनिटं थांबा. हिला हात लावू नका."

थोरली पाठीवर पडून होती. चेहऱ्यावरचं क्रीम अर्धं पुसलेलं, एक गाल उघडा, एक पांढरा. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी परत जाऊन नवरीच्या बोटाला सुई टोचली, दोन थेंब पांढऱ्या टाइलवर घेतले. एकात निळं औषध, एकात पिवळं. पिवळ्यात रव्यासारख्या गुठळ्या झाल्या. बी ग्रुप. मग पहिल्या नंबरच्या नळीच्या तळाचं लाल घेतलं, ज्या नळीतला प्लाझ्मा तिच्या चेहऱ्यात गेला होता त्या नळीचं. गुठळ्या निळ्यात. ए ग्रुप. मी दोनदा केलं. तिसऱ्यांदा डॉक्टरांच्या समोर केलं.

डॉक्टर खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "आपण काय करायचं?"

"सांगायचं," मी म्हटलं. "मी सांगते. चूक माझी आहे."

"मी पण येते," त्या म्हणाल्या. ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने कायमची लक्षात ठेवली आहे.

नवरी पडली होती त्या खोलीत आम्ही तिच्या आईला बोलावलं. थोरलीही चेहरा धुऊन येऊन दाराशी उभी राहिली. मी आडवळण न घेता सांगितलं, की हिच्या चेहऱ्यात हिचा नाही, तिचा प्लाझ्मा गेला आहे. रोगाच्या तपासण्या हिच्या महिन्यापूर्वीच झाल्या आहेत, साफ आहेत. तिच्या आत्ता पाठवते, संध्याकाळी कळतील.

आईने छातीवर हात ठेवला आणि मग सोडून दिला. "एवढंच न? मज वाटलं, पोरीचं नाकच कापलंत की काय! अहो बाई, एकाच घरच्या पोरी. एकच आजी, एकच नाव, एकच रक्त. ह्या ताटातलं त्या ताटात गेलं, त्याला काय होतंय?"

"तसं नसतं," मी म्हटलं.

"तुम्ही लोक शिकून फार घाबरट होता."

दारातून थोरली म्हणाली, "काकी, माझ्या अंगातलं सगळं घरचं कुठे आहे?"

"तू गप्प बैस."

"आडी महिन्यात दोन बाटल्या चढवल्या होत्या न मज?"

डॉक्टरांना मराठी येत नाही. पण सगळ्यांचे चेहरे पाहून त्यांनी मला विचारलं आणि मी तमिळमध्ये सांगितलं. पुढचं थोरलीनेच सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी तिच्या गर्भाशयाच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. रक्त फार गेलं, दोन बाटल्या द्याव्या लागल्या. फॉर्मवर काकीने 'काही नाही' लिहिलं होतं. लग्नाच्या मुलीच्या पोटाचं ऑपरेशन कागदावर आलं की ते गावभर होतं, म्हणून.

नवरी आतापर्यंत ऐकत होती. तिने हात उचलला आणि गालाच्या जवळ नेऊन, न टेकवता, तसाच धरला. आपल्याच चेहऱ्याला हात लावायला ती भ्यायली होती.

"म्हणजे हे कोणाचं आहे अक्का?" तिने विचारलं.

"तिचं," मी म्हटलं. आणि खोटं बोलायचं नाही म्हणून पुढे म्हटलं, "बहुतेक तिचं."

डॉक्टरांनी समजावलं. बाटल्यांमधलं रक्त तपासलेलं असतं, धोका अगदी थोडा आहे, आजचा अहवाल साफ आला तरी नवा रोग कधी कधी पहिल्या तपासणीत दिसत नाही. म्हणून दोघींचीही तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तोवर नवरीने जपायचं. लग्न झालं तरी जपायचं. 'जपायचं' म्हणजे काय ते त्यांनी तमिळमध्ये सांगितलं आणि मला मराठीत सांगावं लागलं. आई उठून खिडकीशी गेली.

निघताना मी थोरलीला बाजूला घेतलं. "मी नाव पुकारलं तेव्हा तू का उठलीस? पहिला नंबर तिचा आहे हे तुला माहीत होतं."

"तुम्ही नाव घेतलंत," ती म्हणाली. "ते माझं आहे. तिच्याआधी दोन वर्षं माझंच होतं." आवाजात राग नव्हता. मुलांना पाढा सांगावा तसं सांगितलं.

संध्याकाळी तिचा अहवाल साफ आला. मी फोन करून कळवलं. आई म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?"

मी डॉक्टरांना राजीनामा लिहून दिला. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाल्या, "आधी तीन महिने जाऊ देत." त्या दिवसापासून मी समोरच्या खाचेत पाण्याची नळी ठेवते. नाव पुकारत नाही. पेशंटजवळ जाते, त्याच्याच तोंडून नाव आणि जन्मतारीख घेते आणि रक्त काढण्याआधी टाइलवर ग्रुप बघते. आधीच्या फाइलशी जुळला तरच पुढे. नर्स हसते. हसू दे.

नवरीचे फोन सुरू झाले. पहिल्या आठवड्यात सूज होती, नेहमीपेक्षा जास्त; त्या प्लाझ्मामुळे की नाही, डॉक्टर नक्की सांगेनात. मग सूज उतरली आणि चेहरा उजळला. डाग गेले. सगळे वाखाणत होते. म्हणजे काम उत्तम झालं होतं.

"अक्का, ते आत किती दिवस राहतं?"

"आठवडाभर. मग शरीर शोषून घेतं. काही उरत नाही."

"सरी," ती म्हणाली, म्हणजे बरं. मग लगेच, "शोषून घेतं म्हणजे जातं कुठे?"

मी म्हटलं, जेवण जातं तिथेच.

दोन आठवड्यांनी पुन्हा फोन आला. "फुलवाल्या म्हाताऱ्या पाटीने मज थोरलीच्या नावाने हाक मारली. घरच्या नावाने. वीस वर्षं ओळखते ती आम्हां दोघींना."

"म्हातारीला दिसत नसेल."

"दिसतं तिला. पैसे बरोबर मोजून घेते." मग हळू आवाजात म्हणाली, "आता आरशापुढे कुंकू लावताना मी आधी डोळे मिटते."

मी म्हटलं, "चुलत बहिणी आहात. नाक एक, हनुवटी एक. आधी डागांमुळे फरक वाटत होता, आता डाग गेले, म्हणून सारख्या दिसता. यात गूढ काही नाही." हे खरं आहे. आजही मी हेच सांगेन. पण फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की हा खुलासा उलटा आहे. डाग थोरलीचे जास्त होते, आणि ते तसेच होते. तिच्या चेहऱ्यावर उपचार झालेच नव्हते.

लग्नाला मी गेले. आईने आग्रहाने बोलावलं, मी चारचौघांत काही बोलणार नाही याची खात्री करून घ्यायला असावं. दारात गुलाबपाणी शिंपडायला थोरली उभी होती. तिने माझ्या हातावर चंदन लावलं. बोटं गार होती. मंडपात नवरी बसली होती. हसली की तिच्या ओठाच्या डाव्या बाजूला एक छोटी आडवी घडी पडायची. ती मी नुकतीच दारात पाहिली होती. आधी तिच्या चेहऱ्यावर होती का, मला सांगता येणार नाही. तिचा आधीचा चेहरा मी नीट पाहिलाच नव्हता. पाहिला तो क्रीमखालचा.

लग्नानंतर नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. आमच्या काही घरांत अजून हे करतात. तिने वाकून ते वाचलं. तांदूळ ओटीत बांधून घेतले तेव्हा तिचे खांदे खाली आले. बराच वेळ डोक्यावर घेतलेली घागर उतरवावी, तसे.

मार्गळी महिना संपत आला. संक्रांतीच्या आठवडाभर आधी आई नवरीला घेऊन आली. मास्क लावलेला, डोक्यावरून पदर, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. आई म्हणाली, "जरा लवकर करा. संक्रांतीला जावई येणार, त्याआधी अहवाल हातात हवा."

मी मुलीला आत घेतलं. आईला बाहेर बसवलं. "नाव सांग." सांगितलं. तेच जुनं. "जन्मतारीख?" नवरीची, बरोबर सांगितली. मी बोटाला सुई टोचली, दोन थेंब टाइलवर घेतले, औषध घातलं, काडीने ढवळलं.

पिवळं तसंच वाहत राहिलं. निळ्यात हळूहळू रवा जमला.

मी टाइल हलवून पाहत राहिले. यंत्र बंद होतं, पंखा बंद होता. तिच्या बांगड्याही वाजल्या नाहीत, इतकी ती स्थिर बसली होती. मी वर पाहिलं. मास्कच्या वरचे डोळे नवरीचे होते. निदान मी पैज लावली असती.

"मास्क काढ."

तिने काढला. गालांवर खड्डे होते.

"मंगळसूत्र कुणाचं?"

"काकीचं. जुनं."

"आणि हे कशासाठी?"

"ती तिकडे अडकली आहे. सासरी काय सांगून येणार? नवऱ्याला व्रत आहे म्हणून दूर ठेवलंय तिने. अहवाल साफ आला की सुटेल. काकी म्हणाली, तू जा. नाव तेच, अक्षर तेच."

"आणि तू आलीस."

"नेहमी जाते," ती म्हणाली.

मी आईला आत बोलावलं. माझा आवाज चढला, हे कबूल करते. "हिच्या रक्तावर तुमच्या मुलीचा अहवाल करायचा? मुलीला काही झालं असलं तर या कागदाने ते बरं होणार आहे?"

"काही झालेलं नाही!" आई ओरडली. "तुमच्यामुळे लग्न झाल्यापासून पोर नवऱ्याला हात लावू देत नाही. विहीणबाई विचारतात, तुमच्या मुलीत काय खोट आहे? काय सांगू मी? मज फक्त 'नाही' असं लिहिलेला कागद द्या. तुमची चूक तुम्ही निस्तरा."

शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणून मी खाली बसले आणि शांतपणे सांगितलं. "हिची तपासणी तशीही हवीच होती. ती मी आज करते, हिच्या नावाने, हिच्या तारखेने, हिच्या नंबरने. ही साफ निघाली तर मुलीला काही होण्याची भीती जवळजवळ नाही. पण शेवटचा कागद तिच्याच हातातून निघेल. संक्रांतीला येईल तेव्हा घेऊन या. जावयाला सांगा, लग्नाआधीच्या उपचाराची तपासणी आहे. ते खोटंही नाही."

थोरलीने बाही वर केली. रक्त काढताना ती नळीकडे पाहत होती. "ह्यावर कुठलं नाव लिहिणार?"

"तुझं. आणि जन्मतारीख."

"तारीख मोठ्या अक्षरात लिहा," ती म्हणाली.

तिचा अहवाल साफ आला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नवरी आली. जावई बाहेर स्कूटरवर बसून फोन बघत होता. थोरली सोबत होती. ती दाराजवळच्या बाकावर बसली. नवरीने मास्क लावला नव्हता. चेहरा सुंदर दिसत होता. मी तरी नेहमीचंच विचारलं.

"नाव सांग."

तिने नवं सांगितलं.

"फाइलवर ते नाही. जुनं सांग."

तिने माझ्याकडे नाही, बाकाकडे पाहिलं. थोरली मांडीवर हात ठेवून सरळ बसली होती, वर्गात बसवल्यासारखी.

"ते मी आता नाही घेत अक्का," नवरी म्हणाली. "तारखेवर भागवा."

तारखेवर भागवलं. टाइलवर पिवळ्यात रवा जमला. बी. मी माझ्या हाताने रक्त काढलं, नळीवर नंबर लावला, सही केली आणि नळी स्वतःच्या स्कूटरवरून प्रयोगशाळेत नेऊन दिली. वाटेत कुठे थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अहवाल आला. साफ. मी तिरुवैयारूला फोन लावला.

"हॅलो," बाईचा आवाज.

"कोण बोलतंय?"

तिने जुनं नाव सांगितलं.

"जन्मतारीख?" मी सवयीने विचारलं.

"कुणाची सांगू?"

दोघींचेही अहवाल साफ होते. तिला सांगितलं असतं तरी काही बिघडलं नसतं. मी म्हटलं, "तिला बोलव."

पावलं, दार, भांड्यांचा आवाज. मग नवरी आली. मी सांगितलं.

"माझाच न अक्का?" तिने विचारलं. "माझ्याच हातातला?"

"तुझ्याच. बी ग्रुप, तुझी तारीख. नळी मी सोडली नाही."

"बरं," ती म्हणाली. आणि तिच्या मागून, जवळूनच, तोच आवाज पुन्हा आला, "बरं."

मी फोन ठेवला. डॉक्टरांकडे जाऊन ड्रॉवरमधला माझा राजीनामा मागितला, फाडला आणि दुपारच्या पेशंटसाठी पाण्याची नळी भरायला घेतली.